गॅसच्या नळीवर छापतात, मग मोबाईलच्या केबलवर का नाही?

परवा टेबलाचा खण आवरायला घेतला तर आतून अकरा चार्जिंग केबल निघाल्या. त्यातल्या चालू किती, तर दोन, आणि त्या दोनातली एक पिन डावीकडे दाबून धरली तरच चालते. बाकीच्या नऊ मेलेल्या. प्रत्येकीला पैसे मोजलेत म्हणून टाकवत नाहीत, शिवाय कधीतरी चालू होईल असं वाटत राहतं, म्हणून त्या खणात गुंता होऊन पडून राहतात. हे घराघरातलं चित्र आहे. कुणी बॉलपेनमधली स्प्रिंग काढून केबलच्या मानेला गुंडाळतो, कुणी चिकटपट्टीचे वेढे मारतो, आमच्या आईने तर फोन बरोबर त्या अँगलला राहावा म्हणून केबल एका जाड डिक्शनरीखाली दाबून ठेवलेली आणि रात्री पाणी प्यायला उठली तरी टेबलाला धक्का लागू नये म्हणून लांबून जायची. सकाळी बघते तर १४ टक्के. त्या दिवशी तिला बँकेत जायचं होतं आणि सगळे ओटीपी त्याच फोनवर.

मला खरंच याचा राग येतो, आणि तो नुसता दीडशे रुपये गेल्याचा राग नाहीये. केबल ही विजेची वायर आहे, आपण तिला अ‍ॅक्सेसरी म्हणतो, कव्हर आणि स्क्रीन गार्डच्या शेजारी टांगून विकतो, आणि त्यामुळे वायरला जे नियम लागायला हवेत त्यातला एकही तिला लागलेला दिसत नाही. मला एवढंच म्हणायचंय की तिला वायरसारखं वागवा.

आमच्या कोपऱ्यावर एक मोबाईल रिपेअरिंगवाला आहे. त्याच्याकडे काडेपेटीएवढा एक यूएसबी मीटर आहे, चार्जर आणि केबलच्या मधे लावला की किती व्होल्ट (विजेचा दाब) आणि किती अँपियर (वाहणारा करंट) जातायत ते दिसतं. मी घरातल्या चालू केबल, शेजाऱ्यांची एक आणि त्याच्या दुकानातली नवीन एक अशा चार केबल त्याला लावायला लावल्या. चार्जर तोच, फोन तोच, बॅटरी साधारण तेवढीच. एकीवर १.८ अँपियर, एकीवर १.३, एकीवर १.१ आणि चौथीवर ०.४. आणि ही ०.४ वाली म्हणजे दुकानातली नवीन, पाकिटावर '३ अँपियर फास्ट चार्जिंग' असं मोठ्या लाल अक्षरात छापलेली, एमआरपी ९९९ आणि विकायची १५० ला. तो म्हणाला, "दादा, मला पण कळत नाही, माल येतो तसा लावतो, डबा सगळ्यांचा सारखाच." तो माणूस खोटं बोलत नव्हता. विकणाऱ्यालाच कळत नसेल तर घेणाऱ्याला काय कळणार.

मग मेलेली एक केबल मी तिथेच ब्लेडने उभी कापली. आत चार वायरी, लाल, काळी, पांढरी, हिरवी. लाल आणि काळी वीज नेतात, पांढरी आणि हिरवी डेटाची. लाल वायरीचं रबर सोललं तर आत केसासारख्या सात तारा, सातच, मी मोजल्या. रंग तांब्याचा, पण नखाने खरवडल्यावर खालून पांढरट निघाली आणि रिपेअरिंगवाल्याने स्पीकरचं लोहचुंबक जवळ नेलं तर तारा त्याला चिकटल्या. तांबं चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे आत लोखंडाची तार आणि वरून तांब्याचा मुलामा. आणि ती तुटली कुठे, तर जिथे सगळ्याच तुटतात तिथे, पिनच्या मागे अर्ध्या इंचावर, मानेत.

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल. नळी बारीक असली आणि लांब टाकली की पहिल्या झाडाला धो धो पाणी आणि शेवटच्या झाडाला थेंब नाही. मोटर किती का एचपीची असेना, नळीने दाब खाल्ला की संपलं. केबलमधे अगदी तेच होतं. वायरची जाडी गेजमधे मोजतात, आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ गेजची तांब्याची एक मीटर केबल असेल आणि त्यातून २ अँपियर न्यायचे असतील तर जाता-येता मिळून पाऊण व्होल्टच्या वर वायरीतच खर्च होतो, म्हणजे चार्जरने ५ व्होल्ट दिले तरी फोनपर्यंत सव्वाचारसुद्धा पोचत नाहीत, मग फोन आपोआप कमी करंट ओढतो आणि आपण म्हणतो चार्जर खराब झाला, बॅटरी गेली. तीच केबल २४ गेजची असेल तर एक तृतीयांश व्होल्टच जातो. फरक फक्त तांब्याचा. आणि तांबं महाग असल्यामुळे पहिली काटछाट तिथेच होते, कारण ते रबराच्या आत असतं आणि कुणाला दिसत नाही.

आता घराचं वायरिंग करताना काय होतं ते आठवा. इलेक्ट्रिशियन सांगतो, लाईटला दीड स्क्वेअरची आणा, गीझर-एसीला चार स्क्वेअरची. दुकानात गेलो की वायरवरच छापलेलं असतं, किती स्क्वेअर एमएम, किती व्होल्टची, कंपनी कुठली, आयएसआय मार्क. गॅसची नारिंगी नळी घ्या, तिच्यावर आयएस नंबर असतो, वर्ष असतं, आणि पाच वर्षांनी बदला हे गॅसवाला येऊन सांगून जातो. शिकलेला, न शिकलेला कुणीही माणूस नळी हातात घेऊन ती कधीची आहे ते बघू शकतो. आणि मोबाईलची केबल, जी उशीजवळ, अंथरुणात, लहान पोरांच्या हातात असते, तिच्यावर काय छापलेलं असतं? माझ्या अकरापैकी सातांवर काहीच नाही, तिघींवर नुसतं कंपनीचं नाव, आणि एकीवर 'फास्ट'. जाडी नाही, वॉट नाही, महिना-वर्ष नाही. पाकिटावर जे असतं ते पाकिटाबरोबर कचऱ्यात जातं.

लोक म्हणतील आता सगळीकडे टाईप सी झालंय, प्रश्न सुटला. अर्धा सुटलाय हे मान्य. नोकियाची जाड पिन आणि बारीक पिन, मग प्रत्येक कंपनीची वेगळी, मग मायक्रो यूएसबी, अ‍ॅपलचं २०१२ पासूनचं लायटनिंग, हे सगळं आपण भोगलंय, लग्नाला गेलो की "बारीक पिन आहे का कुणाकडे" म्हणून हॉलभर फिरायचो. युरोपमधे २००९ लाच कंपन्यांनी स्वखुशीने एक चार्जर करायचं कबूल केलं होतं पण स्वखुशीचं जे होतं तेच झालं, पळवाटा निघाल्या. शेवटी ४ ऑक्टोबर २०२२ ला युरोपच्या संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी कायदा केला, २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला टाईप सी सक्तीचं झालं आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. अ‍ॅपलने त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मधे, आयफोन १५ ला टाईप सी दिलं. इतकी वर्षं जे जमणार नाही म्हणत होते ते कायदा आल्यावर जमलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वापरात नसलेल्या आणि फेकलेल्या चार्जरचा कचरा युरोपमधे वर्षाला ११,००० टन होतो असा त्यांचाच अंदाज होता. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२२ मधे ग्राहक व्यवहार विभागाच्या बैठकीत उद्योगवाल्यांनी टाईप सी ला होकार दिला आणि जानेवारी २०२३ मधे बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, टाईप सी चं भारतीय मानक जाहीर केलं.

पण हे सगळं भोकाबद्दल झालं. भोक एकसारखं झालं, त्यात जाणारी केबल कशी आहे याकडे बाजारात कुणी बघत नाही. गंमत बघा, त्या भारतीय मानकाच्या नावातच केबल आणि कनेक्टर असे शब्द आहेत, म्हणजे चांगली केबल कशी असावी हे कागदावर लिहिलेलं आहे. टाईप सी चं मूळ स्पेसिफिकेशन तर सांगतं की कनेक्टरने १०,००० वेळा लावणं-काढणं सोसलं पाहिजे. रोज तीनदा लावली तरी नऊ वर्षं झाली ही. आमच्याकडे नऊ महिने टिकलेली केबल असेल तर आम्ही तिचं कौतुक करतो. मानक काढणं वेगळं आणि ते सक्तीचं करून बाजारात तपासणं वेगळं. चार्जरच्या पाठीवर बघा, बारीक अक्षरात मानक चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नंबर असतो, कारण इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ साली आला आणि अ‍ॅडाप्टर, फोन, पॉवर बँक हे त्याखाली येतात. मग त्या चार्जरला जोडलेली केबल उलटीसुलटी करून बघा. माझ्या एकाही केबलवर असा नंबर सापडला नाही. नळ तपासलेला, टाकी तपासलेली, आणि मधला पाईप कुठून आला विचारायचं नाही, असं कसं चालेल?

यात धोका नाही असं कुणी म्हणू नये. २०१५ मधे टाईप सी नवीन होतं तेव्हा गूगलमधला बेन्सन लिउंग नावाचा इंजिनियर स्वतःच्या पैशाने ऑनलाईन केबल विकत घेऊन तपासायला लागला. कित्येक केबलमधे ५६ किलोओहमचा एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा बारीक भाग, असायला हवा तो चुकीचा होता. पैशात त्याची किंमत काहीच नाही, पण तो चुकला की फोन चार्जरकडून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढायला जातो. २०१६ च्या सुरुवातीला अशाच एका केबलमधे वायरी उलटसुलट जोडलेल्या निघाल्या आणि त्याचा लॅपटॉप जागेवर गेला. त्याच वर्षी अ‍ॅमेझॉनने नियमात न बसणाऱ्या टाईप सी केबल विकायला बंदी घातली. म्हणजे एका माणसाने चिकाटी धरली, एकेक केबल मोजून लोकांपुढे ठेवली, तर एवढी मोठी कंपनी हलली. हे काम एकट्या माणसाचं नाही, सरकारी लॅबचं आहे.

त्यात अजून फास्ट चार्जिंगचा गोंधळ. साध्या टाईप सी ते टाईप सी केबलमधून ३ अँपियर, ६० वॉटपर्यंत जातं, त्याच्या वर ५ अँपियर पाहिजे असतील तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप लागते, ती चार्जरला सांगते की मला एवढं झेपतं. पण कितीतरी कंपन्यांचं स्वतःचं वेगळं फास्ट चार्जिंग आहे, त्यांच्या केबलला जास्तीची पिन असते नाहीतर जाड वायर असते, म्हणून फोनबरोबर आलेल्या लाल नाहीतर हिरव्या केबलने तो फोन अर्ध्या-पाऊण तासात भरतो आणि तीच केबल तुटली की बाहेरच्या केबलने दोन-अडीच तास. कंपनीची घ्यायला जावं तर सहाशे ते हजार. दिसायला सगळ्या सारख्या, दोन्ही टोकं सारखी, आणि आत कशाचा कशाला मेळ नाही. यूएसबीचं मानक ठरवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनेच २०२१ मधे ६० वॉट आणि २४० वॉट असे आकडे केबलवर छापायचे लोगो काढले, पण ते सर्टिफिकेट घेतलेल्या केबलसाठी, आणि सर्टिफिकेट घ्यायची सक्ती नाही. तुमच्या घरात आहे का एक तरी तसली? माझ्याकडे नाही.

आणि आता तर बॉक्समधून चार्जरच गायब झाला. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०२० मधे आयफोन १२ पासून सुरुवात केली, जानेवारी २०२१ मधे सॅमसंगने एस २१ बरोबर तेच केलं, कारण दिलं पर्यावरणाचं. ब्राझीलच्या सरकारने सप्टेंबर २०२२ मधे अ‍ॅपलला १.२ कोटी रियालहून जास्त दंड लावला, चार्जरशिवाय फोन विकणं म्हणजे अर्धवट वस्तू विकणं अशी त्यांची भूमिका होती. मला पर्यावरणाचा मुद्दा खोटा वाटत नाही, घरोघरी चार्जर पडलेत हे खरंय. पण मग त्याच न्यायाने केबल टिकली पाहिजे ना. एका बाजूने कचरा कमी करायचा म्हणून चार्जर काढायचा आणि दुसऱ्या बाजूने दर चार महिन्याला एक मीटर रबर आणि तार भंगारात जाते त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पूर्वी नोकियाच्या चार्जरची पिन तुटली तर रिपेअरिंगवाला दहा-वीस रुपयात नवीन पिन जोडून द्यायचा, दोनच तर वायरी असायच्या. टाईप सी च्या त्या एवढ्याशा तोंडात २४ टोकं बसवायची सोय आहे आणि सगळं मोल्डिंग करून बंद, त्यामुळे तो हात लावत नाही. म्हणजे दुरुस्ती संपली, फेकणंच उरलं.

हा मध्यमवर्गाचा चोचला आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या चुलत्यांकडे सांगोल्याला यावं. डाळिंबाची बाग, वस्ती गावापासून तीन किलोमीटर आत. ई-पीक पाहणी करायची तर स्वतःच्या फोनवरून, बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढून अपलोड करायचा, कारण लोकेशन शेतातलंच लागतं. मागच्या वर्षी ते बॅटरी संपली म्हणून दोनदा अर्ध्यातून परत आले. लाईट रात्री कधीतरी येते, कधीतरी जाते, आणि जेवढा वेळ असते तेवढ्यात फोन भरला पाहिजे. इथे केबलमधला १.८ आणि ०.४ चा फरक मरणाचा महत्त्वाचा होतो. दोन तास लाईट असेल तर पहिली केबल फोन जवळपास भरून देते आणि दुसरी वीस टक्क्यावर सोडून देते. जेवण पोचवणारी पोरं, रिक्षावाले, आशाताई, ज्यांचं पोटच फोनवर आहे त्यांना विचारा. आणि हेच लोक लोकलमधे, एसटी स्टँडवर, आठवडे बाजारात शंभराची केबल घेतात कारण हातात त्या वेळी शंभरच असतात. शंभराची केबल चार महिन्याने गेली तर तीन वर्षात नऊ केबल, नऊशे रुपये. त्यातल्या प्रत्येकीच्या शेवटच्या महिन्यात फोन नीट चार्ज न होण्याचा त्रास वेगळा. साडेतीनशेची एक चांगली केबल तीन वर्षं गेली असती. गरिबाला महाग पडतं ते असं.

त्याच्यावर लगेच उत्तर येतं की लोकच नीट वापरत नाहीत, वायर धरून ओढतात, चार्जिंगला लावून बोलतात, दुमडून ठेवतात. हो, करतात. मी पण करतो. पण आमच्याकडे आईची इस्त्री आहे, तिची वायर रोज पुढेमागे हलते, गरम होते, गुंडाळून ठेवली जाते, आणि ती बावीस वर्षं झाली चालू आहे. का, तर वायर जाड आहे, वर कापडी विणकाम आहे आणि मानेला दोन इंचाची रबराची बाही आहे, त्यामुळे वाक एका जागी न येता पसरतो. मिक्सरचं पण तेच. वाकणं हेच जिचं काम आहे ती वाकल्यामुळे तुटली तर दोष वाकवणाऱ्याला देता येत नाही. दुसरं म्हणतात सक्ती केली की किंमत वाढेल. थोडी वाढेल, वाढू दे. हेल्मेटला आणि खेळण्यांना आयएसआय सक्तीचं झालं २०२१ मधे, तेव्हा पण हीच ओरड होती. पोरांच्या हातातल्या प्लास्टिकच्या गाडीला मार्क लागतो आणि तीच पोरं तोंडात घालतात त्या चालू केबलला नाही, हे मला पटत नाही.

वॉरंटीचं तर बोलायलाच नको. पाकिटावर सहा महिने लिहिलेलं असतं, घेऊन गेलो तर एक दुकानदार सरळ म्हणाला केबलला वॉरंटी नसते, दुसरा म्हणाला पाकीट आणा, तिसऱ्याने बिलच दिलं नव्हतं. कायद्याने बघायला गेलं तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ हा हेल्पलाईनचा नंबर आहे, जिल्हा आयोगात पाच लाखापर्यंतच्या तक्रारीला फी पण नाही. पण दीडशे रुपयांसाठी कामाचा खाडा करून कोण जाणार? ज्या वस्तूची किंमत इतकी कमी आहे की भांडणं परवडत नाही, तिथे वस्तू विकायला येण्याआधीच तपासली गेली पाहिजे, तिथे तक्रारीवर सोडून चालत नाही. दीडशेच्या पक्क्या बिलातले जवळपास २३ रुपये १८ टक्क्याने जीएसटीत जातात. एवढा कर भरणाऱ्याला आत तांबं आहे की लोखंड हे कळायचा हक्क आहे.

म्हणून म्हणतो, बीआयएसचं मानक आहेच तर ते केबलला सक्तीचं करा, चार्जरसारखा नोंदणी नंबर द्या. वॉट, वायरचं गेज, बनवल्याचा महिना-वर्ष हे पाकिटावर नको, केबलच्या अंगावर छापा, पुसलं न जाणारं. एमआरपी ९९९ आणि विक्री १५० हा खेळ बंद होईल असं काहीतरी करा, कारण त्या आकड्याला काही अर्थच राहिलेला नाही. आणि एक वर्षाच्या आत गेली तर दुकानातच बदलून मिळाली पाहिजे, नंबर अंगावर असेल तर बिल-पाकीट विचारायची गरजच उरत नाही.

दिवाळीला गावी निघालो तेव्हा चुलत्यांचा फोन आला, येताना केबल आण, पण चांगली आण. चांगली कुठली हे बाहेरून बघून मला आजही सांगता येत नाही. म्हणून मी त्या रिपेअरिंगवाल्याकडे अर्धा तास बसलो, त्याने न कंटाळता आठ केबल एकेक करून मीटरला लावल्या, त्यातल्या तीन १.७ च्या वर गेल्या, त्या घेतल्या. मग पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा प्रत्येकीच्या मानेजवळ गुंडाळला आणि त्यावर मार्करने आकडा आणि घेतल्याची तारीख लिहिली. चुलत्यांनी हातात घेऊन पहिलं तेच वाचलं आणि विचारलं, "हे कंपनीने लिहिलंय?" म्हटलं नाही काका, मी लिहिलंय.